नदीकाठचं घर, फक्त दाखवण्यापुरतं

कोकणात नदीकाठी घर घेऊन राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या नवऱ्याला तसं वाटतं त्यांनी तर जरूर वाचावं. मी दुसऱ्या गटातली. माझा नवरा अरविंद निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात नदी शिरली. समुद्र नको, समुद्राला गर्दी फार. तलाव नको, तो साचलेला. नदीच हवी, आणि तीही रत्नागिरी जिल्ह्यातली, कारण कॉलेजात असताना तो एकदा तिकडे ट्रिपला गेला होता.

गेली दोन वर्षं आमच्या सुट्ट्या घरं बघण्यात गेल्या. कुठे रस्ता नव्हता, कुठे नदी फक्त जाहिरातीत होती, आणि एका ठिकाणी तर घरच नव्हतं, नुसतं जोतं होतं. आता आमची पुण्यातली सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची. तेव्हा मी अरविंदला स्पष्ट सांगितलं, की हे शेवटचं घर. जमलं तर उचलू बिऱ्हाड आणि जाऊ कोकणात. नाही जमलं तर मुकाट्याने कोथरूडात भाड्याची जागा बघायची आणि नदीचा विषय पुन्हा काढायचा नाही. तो लगेच हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला, कारण त्याने त्या घराचा व्हिडिओ पाहिला होता. बासरी वाजते आहे, ड्रोन आंब्यांवरून तरंगत नदीवर जातो आहे, आणि खाली अक्षरं, ‘बागायतीसह नदीकिनारी फार्महाऊस विकणे आहे.’ तो व्हिडिओ आमच्या घरात रोज जेवणाआधी लागत असे.

नदीकाठ

पुणे ते रत्नागिरी या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. घाट होता, खड्डे होते, पोचलो.

हायवेवरच्या फाट्यावर महेश नावाचा दलाल उभा होता. इथून पाच मिनिटं, असं म्हणून तो मोटरसायकलवरून पुढे निघाला आणि आम्ही त्याच्या धुळीमागून बराच वेळ गेलो. जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ माळ, संपला, उतार सुरू झाला, झाडी दाट झाली, आणि शास्त्री नदीच्या एका वळणावर ते घर दिसलं. फार्महाऊस वगैरे काही नव्हतं. साधं कौलारू, राहतं घर. अंगण सारवलेलं, दोरीवर कपडे वाळत घातलेले. एप्रिल संपत आला होता, कलमं आंब्यांनी वाकली होती, आणि अंगणाच्या कडेपासून जांभ्याच्या पायऱ्या थेट खाली पाण्यापर्यंत गेल्या होत्या.

नदी मात्र खरी होती. हिरवीगार, संथ, पलीकडच्या काठावर करंजाची सावली पाण्यावर आलेली. अरविंद मागे हात बांधून उभा राहिला आणि पाण्यावरून नजर काढेना. मी त्याला बेचाळीस वर्षं ओळखते, हे लक्षण चांगलं नव्हतं. घासाघीस करायची असेल तर माणसाने असं उभं राहू नये.

घराचे मालक तात्या सत्तरीचे, अंगात बंडी, खांद्यावर पंचा. बोलणं मृदू. ते आणि त्यांची बायको, दोघंच तिथे राहतात. अरविंदने दुसऱ्याच वाक्याला व्यवहाराचं विचारलं. तात्या म्हणाले, “आदी च्या घ्या.” चहा झाल्यावर पुन्हा विचारलं. “आदी बाग बगा.” मग बाग बघितली. बाग बघितली म्हणजे प्रत्येक झाड बघितलं. हे कलम वडलांनी लावलान, हे थोरल्या काकानं, हा फणस कापा, तो बरका, ही पोफळ गेल्या वादळात पडली आणि पडल्यावरही फळली. कोकमाखाली उभं करून त्यांनी आम्हाला रातांबे चाखायला लावले. माझे दात आंबले, तरी किमतीचं नाव नाही. आमच्या पुण्यात घर विकणारा दारातच आकडा सांगतो आणि पाणी विचारेलच असं नाही. इथे आकडा सोडून सगळं मिळत होतं.

तेवढ्यात तात्यांची बायको, सगळे त्यांना काकी म्हणतात, पायऱ्या चढून वर आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. घराची विहीर खाली, नदीला लागून, आणि घर वर. पाहुणे आले म्हणजे पाणी जास्त लागणार, म्हणून त्या लगेच पुन्हा खाली निघाल्या. मला बसवेना. मीही एक कळशी घेऊन त्यांच्यामागून गेले. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर माझ्या सँडलचा पट्टा तुटला. काकींनी स्वतःच्या रबरी चपला काढून मला दिल्या आणि तापलेल्या जांभ्यावरून अनवाणी चालू लागल्या. मी नको नको म्हणाले, पण त्या केव्हाच खाली पोचल्या होत्या.

विहिरीजवळ मी जरा वेळ नदीत पाय सोडून बसले. पाणी गार होतं. चिमुकले मासे येऊन बोटांना टोचत होते. बरं वाटलं, हे कबूल करते, पण वर जाऊन तसं काही बोलले नाही.

“विहिरीवर पंप का नाही बसवला?” मी काकींना विचारलं.

“देवाला विचारलेनी,” काकी म्हणाल्या. “डावी दिलान.”

हे नव्या माणसाला समजावून सांगायला हवं. तिकडे गावच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या फुलांचे कळे चिकटवतो, प्रश्न विचारतात, आणि वाट बघतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. विहीर खणायची, लग्न ठरवायचं, म्हैस घ्यायची, सगळ्याला कौल. पंपाचा कौल डावा पडला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काकी पाणी भरतायत.

“परत नाही विचारलं?”

“ह्येंना कशाला परत विचारायचंय? ह्ये थोडेच पानी भरतात.”

दुपारी काकींनी वाढलं. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, आणि सोलकढी. इतकं चांगलं जेवण मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते. पुरुष पडवीत सुपारी कातरत बसले, तेव्हा काकी चुलीपुढे माझ्याजवळ सरकल्या.

“घेताव ना वो घर? लय जनं बगून गेली. कोन परत येत नाय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण वेळणेश्वरला असते. नवरा गेला, मूलबाळ नाही, समुद्राजवळ खाणावळ चालवते. मोठं घर आहे, आणि स्वयंपाकघरात नळ. बहीण दर शिमग्याला निरोप पाठवते, अगो ये, दोघी मिळून करू. तात्यांनी काकींना शब्द दिला आहे, की घर विकलं की दोघं वेळणेश्वरला जाऊन राहू. काकींचे गुडघे सुजलेले होते. हे बोलताना त्या ते दोन्ही हातांनी दाबत होत्या.

एकूण काय, माझ्या नवऱ्याला त्या घरात यायचं होतं आणि या बाईला त्या घरातून सुटायचं होतं. याहून सरळ व्यवहार कोणता? मी पदर खोचून पडवीत गेले आणि तात्यांना विचारलं, की घर विकायचं आहे ना, मग आकडा सांगा.

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. “आकड्याचं कसं सांगू? विकायचं देवाला अजून विचारलंच नाय.”

महेश ताडकन उठला. “काय बोलताय तात्या? दोन वर्षं मी गिऱ्हाईक आणतोय. तुम्हीच म्हणालात, देवाची परवानगी आहे.”

“हाय ना. घर दाखवू काय म्हून विचारलं. उजवी दिलान. म्हून दाखवताव.”

मी त्या क्षणी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. महेश अंगणात जाऊन मोटरसायकलच्या सीटवर पालथा पडला. अरविंद म्हणाला, “ठीक आहे, त्यांची श्रद्धा आहे,” आणि पुन्हा नदीकडे बघायला लागला. मला त्या दोघा म्हाताऱ्यांचा सारखाच राग आला, हा नदीकडे बघणारा आणि तो सुपारी खाणारा.

“मग विचारा आता,” मी म्हटलं.

“आता कसं विचारणार? देवाला गाऱ्हानं घालायचा मान मानकऱ्याचाच. दाजी मानकरी, तो ऱ्हातो रत्नागिरीत. मिरकरवाड्याला बर्फात काम करतो. शिमग्याला येतो नि गनपतीला येतो.”

“फोन करा.”

“त्याचा फोन लागत नाय.”

“पत्ता द्या,” मी म्हटलं. “आम्ही आणतो त्याला.”

तात्यांचा अडकित्ता थांबला. काकी दारात उभ्या होत्या, त्या पटकन आत गेल्या.

मिरकरवाडा

मिरकरवाडा बंदरावर सकाळी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. ट्रॉलर लागलेले, टोपल्या उतरत असलेल्या, लिलावाचा गलका, आणि पायाखाली मासळीचं पाणी. ज्यांना असं बघायला आवडतं त्यांनी जरूर बघावं. मी मात्र दुसऱ्याच दिवशी काकींच्या रबरी चपला घालून तिथे एका अनोळखी मानकऱ्याला शोधत होते. जो तो सांगे, दाजी काय, आत्ताच हितं होता.

दाजी बर्फाच्या गाडीवर सापडला. धिप्पाड माणूस, गुडघ्यापर्यंत गमबूट, लाद्या फोडत होता. आम्ही सगळं सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही.

“तात्याचं घर बगितलाव? झकास हाय.”

“ते विकायचा कौल लावायचाय. तुम्ही चला.”

“बोटी आल्यात. दुपारपर्यंत नाय जमायचं.”

म्हणून दुपारपर्यंत थांबलो. ऊन तापलं, माझं डोकं चढलं, आणि अरविंद लिलाव बघून बघून इतका रंगला की एक चांगली हातभर सुरमई घेऊन आला. काकींना देऊ, म्हणाला. दाजी आंघोळ करून, दाढी करून, पांढरा सदरा नि टोपी घालून आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, वास घेतला आणि बंद केलं.

“देवाच्या कामाला चाललंय. म्हावऱ्याच्या गाडीतनं नाय येत.”

सुरमई चहाच्या टपरीवाल्याला दिली. तरी दाजी बसेना. मग अरविंदने गाडी आतून पुसली, पुन्हा पुसली, टपरीवाल्याकडून उदबत्ती घेऊन लावली. आमच्या सोसायटीत हा माणूस गाडी धुवायला पगारी माणूस ठेवतो. शेवटी दाजी पुढच्या सीटवर बसला, आणि मी मागे, उदबत्तीच्या राखेत.

देऊळ

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात वाडीतली माणसं जमली. बायका एका बाजूला बसल्या. काकींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गुरवाने पाषाणाला पाणी घातलं आणि दोन्ही अंगांना कळे लावले. देऊळ गार होतं, आवाज फक्त बाहेरच्या पाखरांचा. दाजी उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुजा लेकरू तुज्या पायाशी उभा हाय…”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“घर नि बाग ह्या पुन्याच्या पावन्यांना द्यावी आसं तुज्या मनात आसंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे. खोटं बोलू नको, लपवू नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग वाट बघणं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. ओलं फूल दगडावरून कधी नि का घसरतं हे मी कुणालाही समजावून सांगेन. पण तिथे बसल्यावर मला त्या दोन कळ्यांशिवाय काही दिसेना. अरविंद पुढे वाकला होता, त्याचे ओठ हलत होते. काकींनी डोळे मिटले होते. आणि तात्या, ज्यांचं घर होतं, ते कळ्यांकडे बघतच नव्हते. ते दाराबाहेर बघत होते, तिथून झाडांमधून नदीचा एक तुकडा दिसतो.

बराच वेळ गेला. डावा कळा पडला.

गुरवाने उरलेली फुलं काढली. अरविंदने चष्मा काढून पुसला, आणि मी खाली पडलेला कळा पुन्हा एकदा बघून घेतला, डावाच होता. तात्यांनी मान खाली घातली होती, पण त्यांचा चेहरा मला दिसला. एवढा सुटल्यासारखा चेहरा मी दोन दिवसांत पाहिला नव्हता. या माणसाला घर कधीच विकायचं नव्हतं. बायकोला नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून देवाला विकायचं सोडून बाकीचंच विचारत बसले.

“देवाचा शब्द,” तात्या म्हणाले. “आता काय करनार.”

तेव्हा काकी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या आणि पुढे आल्या. त्या देवळात बाई पुरुषांच्या बाजूला येत नसावी, कारण दोघे-तिघे बाजूला सरकले.

“शब्द मोडायचा नाय,” त्या म्हणाल्या. “घर ऱ्हाव दे. बाग ऱ्हाव दे. पंपाचं विचारलात, दाखवायचं विचारलात, विकायचं विचारलात. माजं कुनी विचारलान नाय. मी जातंय भैनीकडं.”

तात्यांना आधी कळलंच नाही. मग ते घाईघाईने गुरवाकडे वळले. “थांब, थांब. हिचंबी विचारूया.”

“फुलं काढली,” गुरव म्हणाला.

तात्यांनी दाजीकडे बघितलं. दाजीने टोपी नीट केली. बर्फ फोडणारा माणूस होता तो कालपर्यंत, आता पुरता मानकरी होता. त्याने विचार केला, घाई केली नाही.

“एकदा फुलं उतरली की त्या दिवशी परत नाय लावत, तात्या. तुला म्हाईत हाय. नि मना दुपारच्याला कामावर जायाला पायजे.”

“मग कदी?”

“मी येनार गनपतीला. तवा विचारू. तवर काकीला देवाचा काय हुकूम नाय. ती मोकळी.”

माणसं हसली नाहीत. ‘बरोबर हाय’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे उठले.

फेरीबोट

काकींचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी. दाजीला महेशच्या मोटरसायकलवर बसवून दिलं, आणि काकींना सोडायला आम्ही निघालो. म्हणजे तसं कुणी ठरवलं नाही. त्या येऊन गाडीत बसल्या, एवढंच. मी त्यांच्या चपला त्यांना परत केल्या आणि अनवाणी बसले. तात्या बराच वेळ घरात होते. मग ते बाहेर आले, आमसुलांची एक पुरचुंडी मागच्या काचेतून काकींच्या मांडीवर ठेवली, ‘भैनीला दे’ म्हणाले, आणि अरविंदला म्हणाले, “सावकास जावा. फेरीला गाडी चढवताना बगून चढवा.” पाणी कोण भरेल हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं ते विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.

जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली. त्यांची नदी तिथे खाडी होऊन समुद्राला मिळते. काकी कठड्याला धरून उभ्या होत्या, वाऱ्याने पदर उडत होता. पलीकडे तवसाळला उतरून पुढे हेदवी लागली. डोंगरावरच्या गणपतीच्या दिशेने त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. अरविंदने विचारलं, दर्शनाला थांबायचं का?

“नको,” त्या म्हणाल्या. “हितं कुनी आनखी काय विचारलं तर?”

वेळणेश्वरला बहीण अंगणात मासे साफ करत होती. तिने आम्हाला बघितलं, काकींना बघितलं, आणि हात तसेच ठेवून उभी राहिली. काकी तिच्याशी न बोलता आधी स्वयंपाकघरात गेल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागून गेले. त्यांनी नळ सोडला, हात खाली धरला, पाणी वाहू दिलं. मग नळ घट्ट बंद केला आणि रडायला लागल्या. मी बाहेर आले.

पुण्याला परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. मी मनातल्या मनात कोथरूडच्या जागांचा विचार करत होते, सोफा कुठे राहील वगैरे. घाट लागायच्या आधी अरविंदने गाडी बाजूला घेतली.

“तुला हवं होतं का गं ते घर?”

दोन वर्षं मी नाही म्हणायची तयारी करून ठेवली होती. दवाखाना लांब, रस्ता वाईट, साप, डास, पाऊस. सगळं तोंडपाठ होतं. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

“हवं होतं,” मी म्हटलं. “पंप बसवून.”

“मग आधी कधी बोलली नाहीस?”

“कुणी विचारलं होतं?”

त्याने गाडी सुरू केली नाही. मागून ट्रक हॉर्न देऊन गेले, तरी आम्ही तिथेच बसून होतो.

सध्या कोथरूडात भाड्याची जागा बघतोय. अरविंद प्रत्येक खोलीत उभा राहतो आणि मला विचारतो, तुला आवडलं का. खिडकी आवडली का, ओटा आवडला का, इथे उजेड पुरेल का तुला. घरमालक ताटकळत उभे असतात, आणि हा माझ्या तोंडाकडे बघत असतो. वैताग आलाय नुसता.